उघाडीच्या गाडीची आणि इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, तुळशी दत्तात्रेय घरत, वय अडुसष्ट, धंदा कटलरीचे दुकान, राहणार मौजे वाघखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांना आणायचे होते त्यांनी आणून पाहिले आणि चहा पिऊन घरी गेले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची विल्हेवाट खालीलप्रमाणे लावावी.

१. राहते घर मुलगा मितेश याला. त्यातली बांधाकडची खोली मुलगी मृणाली हिच्या माहेरपणासाठी राखलेली आहे. ती श्रीवर्धनहून येते तेव्हा तिला मितेशच्या ट्रकच्या टायरांशेजारी झोपावे लागते. त्याने ते टायर पडवीत हलवावेत. हे मी तोंडी पुष्कळ वेळा सांगितले आहे, आता लेखी सांगते.

२. कटलरीचे दुकान, मालासह, मृणालीला. चालवावे किंवा भाड्याने द्यावे. बिनरंगी नेलपॉलिशचा खण मात्र वगळून. त्याचे पुढे येईल.

३. वडिलांच्या मिठागरातला माझा हिस्सा दोघांना समान. मिठागर बंद आहे, तिथे आता बगळे उभे असतात. विकायचे असेल तर भांडून विकू नका, एकत्र बसून विका.

४. बांधाच्या कमिटीला माझ्याकडून काहीही नाही. कारण त्यांना ठाऊक आहे.

५. आता गाडी.

माझे यजमान कैलासवासी दत्तात्रेय यांनी जन्मभर बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवला आणि निवृत्त झाल्यावर हातभर लांबीचा रिमोटचा ट्रक आणला. मोठी चाके, पुढे दोन दिवे. मी म्हटले, म्हातारचळ लागला. ते रोज संध्याकाळी तो खाडीच्या काठाने पळवायचे आणि पाण्यात घालायचे. ट्रक दर वेळी मरायचा. ते तोंड पाडून यायचे, ते मला बघवेना.

मी मिठागरात वाढले. मीठ पायाच्या भेगेत शिरते, कुलपात शिरते, लोखंड खाऊन ढेकरही देत नाही. मी गाडी उघडली तेव्हा आतल्या तांब्यावर हिरवा फुलोरा आला होता. मग मी आतली सर्किटची पेटी फुग्यात घालून गच्च बांधली. तरी मेली. आपल्याकडच्या हवेतच मीठ असते, ते मीच आत कोंडून ठेवले होते. मग सर्किट गोड्या पाण्याने धुऊन, केस वाळवायच्या यंत्राने वाळवून, वर दुकानातले नेलपॉलिश लावले. पहिल्यांदा न खपणारे चमकीचे लावले, तर चमकीमुळे की काय, धूरच निघाला. यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर बिनरंगी, पातळ, दोन हात. जोडण्यांच्या पिनांना लेप नाही, तिथे ग्रीस. स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या दांड्याभोवती बोटींचे घट्ट ग्रीस. पाण्यातून आली की गोड्या पाण्याची आंघोळ आणि बेअरिंगांना तेल. मोठी मोटर पाण्याला भीत नाही, बेअरिंग भितात.

त्यानंतर गाडी काठच्या उथळ पाण्यातून चालत आली, लागलेले दिवे पाण्याखाली आणि एरियलची तार तेवढी वर. पाण्यात उजेड हलत होता आणि तो आमच्या घरचा होता. मी मिठागरातल्या बाईने मिठाला जन्मात पहिल्यांदा मागे फिरताना पाहिले.

यजमान गेले, गाडी राहिली. त्यापुढच्या पावसाळ्यात उघाडी तुंबली. वाचणारा परगावचा असेल तर सांगते: आमची भातशेती खाडीच्या बांधाआड आहे आणि बांधाखालून एक लांब नळ जातो, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला त्याची झडप उघडून शेतातले पाणी खाडीत जाते. नळ साफ ठेवायचे काम बांधाच्या कमिटीचे, ती ठेवत नाही. नळ तुंबला की पाणी शेतात साचते आणि भात कुजते. मग कोणीतरी आतून दोरी पलीकडे न्यायची, दोरीला आकडा बांधायचा आणि अडकलेला कचरा ओढून काढायचा. माझा थोरला भाऊ भिकू असाच दोरी घेऊन आत गेला होता. दोरी बाहेर आली. भिकू पुढच्या ओहोटीला आला.

त्या दिवशी मितेशने सदरा काढला.

"आये, रशी बांध माझे कमरंला. मी जातू."

"तुजा मामाबी असाच बोल्ला व्हता," मी म्हटले.

"मग भात कुजवाचा?"

मी घरून गाडी आणली. खाली जाळ्याचे शिसे बांधले, म्हणजे ती तरंगणार नाही, आणि मागे नायलॉनची बारीक दोरी. आमच्या शेजारचा भावेश पलीकडे खाडीच्या बाजूला छातीभर चिखलात झडप धरून उभा होता. त्याचे शेत उघाडीला लागून, पहिले बुडणारे त्याचेच. तरी तो बांधापलीकडून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "काकी, या खेलन्यानं काय होनार?"

"तू झडप धर नि तोंड मिट," मी म्हटले. पण मलाही भीती होतीच. नळाचे तोंड पाण्याखाली होते आणि रिमोटचा हुकूम पाण्यात पोचत नाही. गाडी बुडाली की ती बहिरी. अशा वेळी तिने काय करायचे हे तिच्यात आधीच भरून ठेवता येते. यजमानांनी 'थांब' असे भरले होते. ड्रायव्हर माणूस, आधी ब्रेक. मी तिथेच बांधावर बसून ते बदलले: चाके सरळ, हळूहळू पुढे.

गाडी पाण्यात शिरली. दिवे दिसेनासे झाले. हातातला रिमोट नुसता डबा झाला. दोरी मात्र माझ्या बोटांतून सरकत राहिली. मध्ये ती थांबली. मितेशने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याचे मनगट धरले. दोरी पुन्हा सरकली.

पलीकडून भावेशचा आवाज आला. "आयली! काकी, गाडी आयली गो! दिवं चालू हायेत!"

मी बांधावरच चिखलात बसून हात जोडले. कोणाला जोडले ते मला आजही सांगता येणार नाही. हातभर गाडी, सांगणारे कोणी नाही, सगळीकडे काळोख आणि पाणी, आणि तिला सांगून ठेवले होते तेवढे धरून ती पलीकडे गेली. माझा भाऊ जिथे अडकला तिथून गेली. पुढे त्या बारीक दोरीने जाड दोर पलीकडे नेऊन आकडा ओढला तेव्हा फाटक्या जाळ्यांचा आणि बाटल्यांचा बैलाएवढा गोळा निघाला आणि शेत रिकामे होऊ लागले. भावेश गाडी पोटाशी धरून बांध चढून आला, ती माझ्या ओटीत दिली आणि लहान पोरासारखा रडला.

म्हणून ही गाडी, रिमोट, दोरी, शिसे, केस वाळवायचे यंत्र आणि बिनरंगी नेलपॉलिशचा तो खण मी भावेशला देते. मितेश, तुला राग येईल. पण तू तिच्यासाठी काचेचे कपाट सांगून आला आहेस, हे मला सुताराने सांगितले. बाबांची आठवण म्हणून तू तिला हार घालशील, आणि हाराखाली बेअरिंग गंजतील. मग उघाडी तुंबली की तू पुन्हा सदरा काढशील. भावेश तिची पूजा करणार नाही, तो तिला धुईल. आजही खाडीवरून आणली की माझ्या आधी तोच गोड्या पाण्याची बादली आणतो. 'खेळणे' म्हटल्याचे मी त्याला माफ केले आहे, पण विसरलेली नाही, हेही नोंदवून ठेवते.

भावेशवर अट एवढीच: दर वर्षी पावसाच्या आधी गाडी उघडून लेप पाहावा आणि कोरड्या दिवशीच बंद करावी. बहिरी झाल्यावर काय करायचे ते जे मी भरले आहे, ते कोणी बदलू नये. या गावातले कोणाचेही मूल यापुढे त्या नळात उतरणार नाही.

६. माझ्या अंत्यविधीबद्दल. फार खर्च नको. नवीन साडी नको, निळी काठाची आहे ती चालेल. पण मी पावसाळ्यात गेले, त्या दिवशी उधाण असले आणि उघाडी तुंबली, तर मला घरात चादर घालून ठेवा, दिवा लावा आणि सगळे आधी बांधावर जा. मितेश, तूसुद्धा. दोरीचे अलीकडचे टोक तू धर. गाडी पलीकडे निघाली, दिवे दिसले, की मग मला उचला. तोवर मी थांबते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. भावेशची साक्ष घ्यायची होती, पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष न दिलेली बरी. तो बाहेर पडवीत बसला आहे. गाडीला तेल घालतो आहे.

सही: तुळशी दत्तात्रेय घरत

साक्षीदार:
१. डॉ. किशोरी म्हात्रे, अलिबाग (लिहिणारीला मी तपासले असून तिची बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल तिचे म्हणणे खरे आहे.)
२. भागोजी रामा पाटील, वाघखार

स्थळ: वाघखार, ता. अलिबाग
दिनांक: १४ मे २०२५