बेरिल आत आल्या तरी

मी, जिनेल अमिरो, वय तीस, राहणार आन्स-ओ-मुएत, सेंट मेरी उपसागराचा किनारा, नोव्हा स्कोशिया, कॅनडा, गावाच्या तोंडी आल्फ्रेदच्या ल्युसियाँची जिनेल, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. पुढच्या आठवड्यात हॅलिफॅक्सला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे फारसे कारण नाही. मला काळजी करायला कारण लागत नाही हे घरचे जाणतात, तेव्हा त्यांनी हा कागद पाहून घाबरू नये.

मृत्युपत्र फ्रेंचमध्ये आहे. वकील हाल्डेनबाई म्हणाल्या होत्या, इंग्रजीत लिहा, कोर्टात सोपे जाते. मी इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडले आहे, पुन्हा पुन्हा ताडून पाहिले आहे. दोन्हींत फरक निघालाच तर फ्रेंच मजकूर खरा धरावा. जिथे खाडाखोड आहे तिथे समासात माझी आद्याक्षरे आहेत.

हे सगळे आईला मोठ्याने वाचून दाखवावे. तिला फ्रेंच वाचता येत नाही. जन्मभर तीच भाषा बोलली, पण तिच्या वेळी शाळेत वाचायला फक्त इंग्रजी शिकवत, आणि तीही शाळा तिने लवकर सोडली. आमच्या घरात शाळा शेवटपर्यंत केलेली मी पहिली. म्हणून आईला ऐकून समजेल असेच लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. कायद्याचे शब्द हाल्डेनबाईंनी सांगितले तेवढेच घातले आहेत. माझ्यामागे सर्व व्यवस्था त्यांनीच पाहावी.

या कागदाचे खरे कारण माझी मुलगी झेली आहे, वय पाच. तिचे वडील स्कॉट व्हायनॉट दोन हंगामांपूर्वी मासेमारीच्या बोटीवरून गेले ते परत आले नाहीत. मीही नसले तर झेली कोणाकडे राहील, एवढेच खरे ठरवायचे आहे. बाकीच्या वस्तू आधी उरकून घेते, म्हणजे हात मोकळा होईल.

कलम पहिले. पापांची छोटी होडी, लॉबस्टरचे पिंजरे, पिंजऱ्यांची जाळी विणायच्या लाकडी सुया आणि शेडमधली बाकी हत्यारे माझा भाऊ रेजां याला द्यावी. पापांनी होडी माझ्या नावे केली त्या वर्षी नाताळला रेजां माझ्याकडे जेवायला आला नव्हता. मला जाळी विणता येते. त्याला येत नाही. शिकून घ्यावे, आईला येते.

कलम दुसरे. रापूर, म्हणजे किसलेल्या बटाट्यांचा आपला भाजलेला पदार्थ, करायचे मोठे पत्र्याचे भांडे आणि बटाटे किसायचे यंत्र आईला. ते तिचेच आहे, मी मागून आणले होते. तिने परत मागितले नाही म्हणून माझे झाले असे मी कधी समजले नाही.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक आणि स्कॉटच्या विम्याचे पैसे झेलीच्या शिक्षणासाठी ठेवावे. गाडी विकावी. तिचा मागचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम चौथे. माझी पदवी आईच्या खोलीतल्या भिंतीवर आहे, ती काढायला आई कोणाला देणार नाही. तर ती तिथेच राहू द्यावी.

कलम पाचवे. यात देण्यासारखे काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला पटणार नाही.

पापांना मेंदूचा झटका आला तेव्हा त्यांची इंग्रजी गेली. होती तीही धक्क्यावर मासळी विकण्यापुरती. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या खोलीत एक नर्स सतत ये-जा करत होती. म्हणून आई, रेजां आणि रेजांची बायको शार्लीन आपसातही इंग्रजीतच बोलत राहिले. आपल्याकडे असेच असते. दहा जण बसलेले असोत, अकरावा इंग्रज, म्हणजे इंग्रजी बोलणारा, आला की सगळे त्याच्या भाषेकडे वळतात, पाहुण्याला खुर्ची पुढे करावी तसे. पापा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रेजां, हे कोणाच्या घरी आणून ठेवलंत मला?" नर्स सलाइन नीट करत होती. रेजांने त्यांना इंग्रजीतच धीर दिला. पापा तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

मी तेव्हा कामासाठी हॅलिफॅक्सला होते, तिथून पोहोचले. नर्सच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होते, रोबिशो. मी आपल्या भाषेत विचारले, कुठल्या तुम्ही?

"अगं बाई, तुम्ही आपल्यातले?" ती म्हणाली. ती केप ब्रेटनमधल्या शेतिकां या फ्रेंच गावची निघाली. "तुमच्या आईंनी पहिल्यापासून इंग्रजीच काढलं. मला वाटलं, तुम्हाला तेच बरं वाटतं."

तोवर पापांनी विचारायचे थांबवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. नर्सबाईंची यात काही चूक नाही. सगळेच एकमेकांशी रीतीने वागत होते.

रेजां अजून म्हणतो, "परक्या माणसासमोर आपलंच चालू ठेवायचं? माणसाला काही वळण नको?" यावरून मी त्याच्याशी पुष्कळ दिवस धड बोलले नाही. कलम पहिल्यातली होडी त्याला बिनशर्त दिलेली आहे. हा राग मिटला असे समजावे.

कलम सहावे. झेली.

रेजां मला म्हणाला होता, "झेलीला मी सांभाळीन, यात विचारायचं काय आहे?"

"तुझ्या घरी ती इंग्रजीच बोलायला लागेल."

"मग? माझी पोरं बोलतात, बिघडलं काही?"

"ती आईशी बोलू शकत नाहीत, रेजां."

"हसतात की तिच्याकडे बघून!"

मुलगे गोड आहेत, खरोखर हसतात. रेजां प्रेमळ आहे, झेलीला जिवाच्या पलीकडे जपेल. त्याच्या घरात फ्रेंच कोणी हाकलून दिलेली नाही. टीव्ही, हॉकी, शार्लीनची माणसे, मुलांचे मित्र असे एकेक आत आले आणि प्रत्येकासाठी घर थोडे थोडे सरकत गेले. आई त्याच घरात राहते आणि हल्ली जेवताना गप्प असते.

दुसरे नाव माझ्या सासूबाईंचे, बेरिल व्हायनॉट यांचे. गावाला हे ऐकून हसू येईल. त्यांना फ्रेंच येत नाही. पण पापांच्या अंत्यविधीनंतर त्या माझ्या शेजारी उभ्या राहून भांडी पुसत होत्या, तेव्हाचे बोलणे इथे लिहून ठेवते.

"जिनेल, एक विचारू? मी आत आले की तुम्ही सगळे बोलायचं थांबता. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलत असणार."

"नाही हो, बेरिल! तुम्हाला कळावं म्हणून इंग्रजीत बोलतो."

"कळतं काय, तर हवामान आणि लॉबस्टरचा भाव. आत्ता एवढे हसत होतात, ते कशाला?"

मी इंग्रजीत सांगितले. त्यात हसण्यासारखे काही उरले नाही.

"बघ, असं होतं," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी मला बसू दे आणि तुमचं चालू द्या. नाही कळलं तर नाही कळलं. माझ्या नवऱ्याचं अर्धं बोलणं मला कधी कळलं नाही, तरी संसार झालाच."

त्या रविवारी आम्ही रापूर टेबलावर येईपर्यंत टिकलो. मग आईने इंग्रजीत विचारले, "बेरिल, काकवी घेता ना वर?" बेरिलनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ऐकू आलं नाही. नेहमीसारखं विचारा." आईने आपल्या भाषेत विचारले, काकवीची बाटली दाखवून. बेरिलनी एवढी काकवी ओतली की झेली ओरडली, "आजी, पुरे!" तेव्हापासून झेली त्यांना शिकवते आणि त्या विसरतात. चिडत नाहीत. "हे डोकं भरलंय गं बाई," म्हणतात, "पण तू बोल."

म्हणून माझ्यामागे झेलीचे पालकत्व मी बेरिल व्हायनॉट यांना देत आहे. त्यांना विचारले आहे, त्यांची संमती आहे. त्यांना शक्य न झाल्यास रेजां अमिरो याने ते घ्यावे.

रेजां, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून हे केलेले नाही. तू पाहुण्यासाठी सगळे सोडतोस. त्या पाहुण्या असून काही सोडू नका म्हणाल्या.

कलम सातवे. हे घर झेलीचे. ती मोठी होईपर्यंत बेरिलनी तिच्यासह याच घरात, याच गावात राहावे. झेलीने फ्रेंच शाळेतच जावे. आई फ्रेंच बोलणारी म्हणून तो हक्क तिला माझ्यामुळे आहे आणि मी नसल्याने जात नाही, हे मी विचारून खात्री केली आहे. शाळा सुटल्यावर तिने रोज माझ्या आईकडे जावे.

आता अट. ती बेरिलवर नाही. ती आई, रेजां, शार्लीन, शेजारी आणि या दारातून येणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसावर आहे. या घरात आता कायम एक इंग्रज बाई असणार. म्हणजे तुमच्या रीतीने वागलात तर झेलीच्या कानावर तिची भाषा पडणारच नाही, आणि सगळे माझ्याच हाताने झालेले असेल. मला झोप लागत नाही ती ऑपरेशनमुळे नाही, यामुळे. तेव्हा बेरिल आत आल्या तरी कोणी भाषा बदलू नये. त्यांना सांगायचे ते मागाहून सांगावे. माझ्या अंत्यविधीपासूनच सुरुवात करावी.

हाल्डेनबाई म्हणाल्या, "ही अट कोर्ट कशी पाळून घेणार?"

मी म्हटले, कोर्टाने पाळायची नाही, माझ्या माणसांनी पाळायची आहे. त्यांनी पेन्सिलने केलेली खूण पुसून टाकली आणि अट राहू दिली.

यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

साक्षीदारांचे निवेदन (आर्मेल सोनिए यांच्या हस्ताक्षरात)

आम्ही दोघे शेजारी. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, जिनेलने हे आम्हाला तीनदा विचारले. तिने सगळे आम्हाला वाचून दाखवले आणि सही करायला पेन उचलले, तेवढ्यात बेरिल झेलीला घेऊन दारातून आत आल्या. विल्फ्रे इंग्रजीत म्हणाला, या, या, रस्त्यावर बर्फ फार आहे का. मीही इंग्रजीतच म्हणाले, बसा इथे, शेगडीजवळ. जिनेलने पेन खाली ठेवले. ती म्हणाली, "मी थांबते."

आम्हाला आधी कळलेच नाही कशासाठी. कळल्यावरही जमेना. आलेल्या माणसाकडे पाठ फिरवल्यासारखे वाटत होते. बेरिल झेलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटी विल्फ्रे आपल्या भाषेत बर्फाबद्दल बोलला. मग मी बोलले. माझ्या नवऱ्याची गाडी खड्ड्यात गेली तेही सांगितले. झेली हसली. बेरिलना काही कळले नाही, त्यांनी मान हलवली.

मग जिनेलने आमच्या दोघांच्या समोर सही केली. आम्हीही तिच्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही: जिनेल अमिरो

साक्षीदार: आर्मेल सोनिए, विल्फ्रे देव्हो

आन्स-ओ-मुएत, १२ फेब्रुवारी २०१९