पहिल्याच दिवशी सांगायची शेवटची तारीख

प्रिय बाई,

आज दुपारी स्रवंती माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवून गेली, म्हणून हे पत्र लिहितोय. नाहीतर तुम्हाला जाऊन महिना उलटला तरी मी एक ओळ लिहिली नव्हती. आमच्या समाजकार्य कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर पानभर इंग्रजी लिहून दिलं, तेवढं सोडून. प्राचार्य म्हणाले, छान झालंय. तुम्ही ते वाचलं असतंत तर समासात पेन्सिलने 'मग?' असं लिहून परत पाठवलं असतंत.

स्रवंती तुमच्या शेवटच्या तुकडीतली. उंच, चष्मेवाली, बुधवारच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन तुमच्या केंद्राच्या जिन्यात बसणारी. अर्ज चार ओळींचा आहे. फील्डवर्कचे तास भरत आले आहेत, तेव्हा वस्तीतली शेवटची भेट माफ करावी आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी ऑफिसात काम द्यावं. खाली फील्डवर्क समन्वयकाची, म्हणजे माझी, सही हवी.

शेवटची भेट माफ! आणि तीही तुमच्या हाताखालच्या मुलीला.

मी कारण विचारलं. नल्लकुंट्याच्या मागच्या वस्तीतली सत्तम्मा तुम्हाला ठाऊक आहेच, तुम्हीच स्रवंतीला तिच्याकडे लावून दिलं होतंत. सत्तरीची, एकटी, मुलगा आखातात आणि त्याचा फोन लागत नाही. स्रवंती ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाते. आधी पेन्शनचे कागद झाले, मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि आता सत्तम्मा तिच्यासाठी दुपारचा भात झाकून ठेवते. आपण मार्चअखेर जाणार हे स्रवंतीने तिला सांगितलेलंच नाही.

"अभी जाके क्या बोलूं सर? रोएंगे वो," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम बताए क्या, सर? अपनी बीमारी का उनको आठ महिने से मालूम था. हर बुधवार हमको बोलते थे, जाने का दिन पहले बताओ करके. खुद बताए क्या?"

मी म्हणालो, "नहीं. किसी को भी नहीं बताए."

ती मान हलवून निघून गेली. माझ्या ह्या उत्तराबद्दल पुढे लिहितो. आत्ता लगेच लिहवत नाही.

आधी तुमच्यावरचा राग. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली. मग आम्ही तुम्हाला काय म्हणायचं? नोव्हेंबरात बैठक वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीत आणलीत, तेव्हा मला वाटलं गुडघे असतील. चहा सोडलात, तेव्हा वाटलं पित्त असेल. चार मुलं दर आठवड्याला तुमच्यासमोर वह्या उघडून बसत होती, आणि त्यांच्याकडेच निघायची तारीख लपवलीत?

बाई, तुम्हाला सगळं जग मॅडम म्हणायचं. मी पहिल्या दिवशी बाई म्हणालो कारण मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला शाळा आठवते. तुम्ही मान वर करून विचारलंत, "कुठला रे?" मी म्हणालो, इथलाच, पण वडील परभणीकडचे, सरकारी छापखान्यात होते. तुम्ही नांदेडकडच्या. एवढ्यावर ओळख झाली आणि पुढची बावीस वर्षं मी बाईच म्हणत राहिलो. रिपोर्ट इंग्रजीत असायचे, तुमचा समास मात्र मराठीत. त्या समासातच मी मराठी वाचायला नीट शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

मी ट्रेनी असताना मला तुम्ही रहीमा आपांकडे लावून दिलं होतंत. कोठी भागात पुस्तकांच्या दुकानांमागे जी गल्ली आहे, तिथे त्यांची एक खोली. गुडघ्यांनी अधू, जिभेने तल्लख. तुमचा नियम सरळ होता. पहिल्याच भेटीत सांगायचं की मी शिकायला आलोय आणि मार्चमध्ये जाणार आहे. मी नाही सांगितलं. रिपोर्टात लिहिलं, "त्यांना वाईट वाटेल म्हणून योग्य वेळेची वाट पाहत आहे." तुम्ही बाजूला लिहिलंत, "त्यांना की तुला?"

मला काय वाटत होतं ते आज सांगतो. मी आलो की आपांचा चेहरा खुलायचा. घरी मी तिसरा मुलगा, वर्गात शेवटून दुसरा. मी आल्याचा आनंद होणारं दुसरं कुणी तेव्हा माझ्या माहितीत नव्हतं. तो आनंद आठ महिने तरी कमी होऊ नये असं मला वाटलं, आणि त्यात आपांचं हित कुठेही नव्हतं.

मार्च आला. शेवटच्या भेटीला मी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बोललो, हवेचं बोललो, दारातून चपला घालत म्हणालो, "अगले हफ्ते आतूं आपा." वेळ मारून नेली आणि बसमध्ये बसून रिपोर्ट लिहिला की निरोपाची भेट समाधानकारक झाली.

तुम्ही तो वाचलात. फाइल बंद न करता विचारलंत, "रडल्या का?"

"नाही."

"चिडल्या?"

"नाही बाई."

"मग काय म्हणाल्या?"

मी खोटं सांगायची तयारी करून आलो नव्हतो, त्यामुळे खरं निघून गेलं. "आओ बोले."

"ज्या बाईला आपण सांगितलं की आता येणार नाही, ती आओ म्हणते का रे?"

माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर तुम्ही सही केली नाहीत. दोन दिवसांवर तोंडी परीक्षा होती. मी म्हणालो, वर्ष जाईल. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. त्या रडल्या तर बसून राहा. चिडल्या तर ऐकून घे. समजावू नकोस." त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्या आठवून आता हसू येतं.

मी परत गेलो. उभ्याउभ्याच सांगून टाकलं की आपा, माझा कोर्स संपला, मी आता येणार नाही, मागच्या वेळी झूट बोललो.

आपा म्हणाल्या, "मालूम था मेरेकू. हर साल एक बच्चा आता, इम्तेहान के टाइम पे गायब हो जाता. तुम पैले हैं जो वापस आके बोल रैं. मॅडम भेजे?"

"हौ," मी म्हणालो.

त्या पोट धरून हसल्या. मग खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढला, पापड भाजून दिला. मी निघताना त्यांनी विचारलं, "अगला वाला कब आता?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि मी जरा वेळ तिथेच बसून राहिलो, तुम्ही सांगितलं होतं तसा. नंतर उठलो.

ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. चांगली रंगवून सांगतो, मुलं हसतात. मी त्यात बावळट असतो आणि तुम्ही थोर असता, आणि शेवटी मी सुधारलेला असतो.

आता ते उत्तर. स्रवंतीला मी म्हणालो, कुणालाच नाही सांगितलं. हे अर्धंच खरं आहे.

जानेवारीत तुमचा फोन आला होता. "मिलिंद, ह्या बुधवारी बैठक झाली की अर्धा तास काढ. बोलायचंय." आमच्याकडे तपासणी समिती यायची होती. पाच वर्षांच्या फाइली, फोटो, सह्या, नसलेल्या सह्या. मी म्हणालो, "बाई, पुढच्या बुधवारी नक्की." पुढच्या बुधवारी मी मेसेज टाकला की पुढचा बुधवार. तिसऱ्या वेळी तुम्ही अर्धा तास मागितलाच नाहीत. विचारलंत, "समिती गेली का?" मी म्हणालो, गेली, चांगला शेरा मिळाला. तुम्ही म्हणालात, "बरं झालं." फेब्रुवारीत तुमच्या भावाचा, दिगंबररावांचा, फोन आला.

मी बरकतपुऱ्याला तुमच्या घरी गेलो तेव्हा ते बाहेर खुर्चीवर बसले होते. आजाराचं तुम्हाला आठ महिन्यांपासून ठाऊक होतं, असं त्यांनी सांगितलं. "मिलिंदशी बोलून घेते, म्हणत होती ती," ते म्हणाले. "कशाबद्दल ते मी काही विचारलं नाही. झालं का तुमचं बोलणं?"

मी म्हणालो, झालं.

का म्हणालो? म्हातारा माणूस, बहीण गेलेली, त्याला कशाला आणखी त्रास, असं मनात घोळवलं. तुम्ही असतात तर पेन्सिल काढली असतीत.

दिगंबररावांना एक खोटं सांगितलं आणि स्रवंतीला दुसरं. पहिल्याने कुणाचं काही बिघडलं नसेल. दुसऱ्याने बिघडतंय. माझ्या त्या एका वाक्यावर विसंबून ती मुलगी सत्तम्माला न सांगता निघून जाणार आहे, आणि सत्तम्मा पुढच्या कितीतरी दुपारी भात झाकून ठेवणार आहे. शिवाय ती मुलगी उद्या कुठेतरी नोकरीला लागेल आणि तुमचं सगळं शिकवणं ढोंग होतं असं धरून चालेल. तुम्ही गेल्यावर तुमच्या नावावर माझी चूक चढवली, आणि चढवताना मला काही जाचलंही नाही. दुपारी जाचलं नाही. संध्याकाळी बसस्टॉपवर उभा असताना जाचायला लागलं.

तुमच्यावरचा राग तरीही पूर्ण गेलेला नाही, हे लिहायला हवं. ट्रेनी असताना मला मानगूट धरून परत पाठवलंत. मग जानेवारीत दोनदा विचारून गप्प का बसलात? फॉर्म अडवून ठेवणाऱ्या बाई कुठे गेल्या होत्या? मी आता मोठा झालो, समन्वयक झालो, म्हणून सोडून दिलंत का? मी काही एवढा मोठा झालो नव्हतो. मला तुमची फार आठवण येते आणि त्यातली निम्मी आठवण चिडचिडीची असते.

अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही केलेली नाही, करणारही नाही. पण नुसती सही अडवून तिला सत्तम्माकडे पाठवण्याचा अधिकार मला आज उरलेला नाही. तुमच्याकडे तो होता.

म्हणून बुधवारी अकराला मी केंद्रावर जाणार आहे. चौघं असतील. दिगंबररावांना आदल्या दिवशीच भेटून येईन, त्यांच्याशी खोटं बोललो तेही दुरुस्त करायचंय. मग मुलांसमोर सांगेन की मॅडमनी मला दोनदा बोलावलं होतं आणि मी दोन्ही वेळा पुढचा बुधवार दिला. ते ऐकून झाल्यावर स्रवंतीला सत्तम्माकडे जा म्हणेन. ती जाईल की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित माझ्याबद्दलचं तिचं मत कायमचं उतरेल. उतरू दे.

एक प्रश्न ती नक्की विचारेल, तिचा स्वभावच तसा आहे: "क्या बोलना था सर, मॅडम को?" आजाराचं सांगायचं होतं असं मी धरून चाललोय. पण मुलांना कसं सांगावं हे विचारायचं असेल. केंद्र कुणाकडे सोपवायचं ते असेल. माझ्याच एखाद्या चुकीबद्दल असेल. तिला मी शब्द न फिरवता उत्तर देईन, एवढं तुम्हाला कबूल करतो. मी म्हणेन, मला माहीत नाही, मी गेलो नाही. सबब म्हणून समितीचं नाव काढणार नाही. मग ती चिडली तर ऐकून घेईन, समजावणार नाही.

तुमचा,
मिलिंद