उन्हाळ्यात पाणी मागे जातं

बोदलकसा,
रविवार, २ जून १९५७

प्रिय दुलारी,

‘प्रिय’ लिहायला मला अर्धा तास लागला. बावीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नव्हती. आली ती तू फुलचूरला दुर्गाप्रसादकडे, भावाकडे, जाऊन बसलीस तेव्हा. त्याच्या बायकोची कंबर धरली म्हणून तू गेलीस, असं मी गावात सांगतो. पण तीन आठवडे कुणाची कंबर धरून राहत नाही, हे लोकांनाही कळतं आणि मलाही. तू परत येणार की नाही, एवढंच मला विचारायचं आहे. सरळ विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहितो. तू वाचत जा. अर्ध्यातच चुलीत घालू नकोस.

मृग लागायला पाच-सहा दिवस आहेत. एकदा धानाचा पेरा सुरू झाला की मान वर करायला सवड नाही. त्याआधी चार दिवस पाण्याकाठी राहून यावं असं मनात आहे. आपल्या रेंगीवर मी बांबूचा नवा तट्ट्या बांधला, आत तणस पसरली. तिघं पाय लांब करून निजतील एवढी ऐसपैस झाली आहे गाडी. मग जागा पाहायला निघालो. चोरखमाऱ्याच्या तलावावर एका आंब्याची सावली मला फार आवडली, तिथे बसल्या बसल्या डुलकीही लागली. पण जाग आली ती लाल मुंग्यांनी. नवेगावबांध लांब पडतं. राहता राहिला आपला बोदलकसा तलाव. पाळीच्या बांधावरून खाली उतरलं की उजवीकडे एक गवताची जीभ पाण्यात शिरली आहे, तिथे काल संध्याकाळभर नुसता बसून होतो. पाणी हलत नव्हतं. पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा निजला होता. मध्येच एक अदई बदक बुडी मारी, आणि तो डोंगर मोडून पुन्हा जुळे. तू शेजारी नव्हतीस, म्हणून कुणाशी काही बोलता आलं नाही.

लोक तलावावर अंघोळीला जातात, म्हशी धुवायला जातात. नुसतं राहायला म्हणून पाण्याकाठी जाणारं कुटुंब या भागात आपलंच. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात तुला घेऊन निघालो तेव्हा माझ्या मायने कपाळावर हात मारून घेतला होता, धडधाकट घर असताना रानात निजायला जाऊन राहिले कायले म्हणून. तू तेव्हा माझ्याशी बोलतसुद्धा नव्हतीस. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून पाहिलं तर तू काठावर बसलेली. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं, मधली रेघ दिसतच नव्हती. एक ढिवर मासे धरायला डोंगा घेऊन निघाला होता आणि तो आभाळातूनच चालला आहे असं वाटत होतं. तू मागे न पाहता म्हणालीस की आणखी दोन दिवस राहू. माझ्याशी बोललेलं ते तुझं पहिलं धड वाक्य.

मुक्कामाची जागा निवडायची ती मीच, हे तेव्हापासून ठरून गेलं. माझे नियम तुला तोंडपाठ आहेत. मोहाखाली नको, फुलांसाठी अस्वल येतं. बैलाने न हुंगता तोंड लावलं तर पाणी चांगलं. वारा पाहून चूल मांडायची. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की उन्हाळ्यात पाणी मागे जातं, पुढे येत नाही. टाचेखालचा चिखल वाळलेला लागला की खुशाल काठाशी गाडी सोडावी. सकाळी पाणी आणखी चार बोटं लांब गेलेलं असतं. दरवर्षी तू म्हणायचीस, थोडं वर घेऊ. दरवर्षी मी म्हणायचो, तुला काय कळतं. एकवीस वर्षं माझंच खरं ठरलं, आणि त्यामुळेच मी बिघडलो असेन.

यंदा धान बरं झालं आणि आपल्या रुक्माने शाळेच्या पुस्तकात समुद्राचं चित्र पाहिलं. मला तेवढं निमित्त पुरे झालं. पुरीला जगन्नाथाचं दर्शन झाल्यावर चांगल्या माणसासारखं धर्मशाळेत राहायचं, तर नाही. मीच हट्टाने झाकलेली बैलगाडी ठरवली आणि वाळूवाळूने कोणार्ककडे निघालो. तो गाडीवान उडिया बोले, आपण आपलं बोलायचो, आणि तरी दुपारपर्यंत छान चाललं होतं. आठवतं ना तुला ते सगळं? एवढं पाणी मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. रुक्मा गाडीतून अर्धी बाहेर झुकली होती. तू गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसली होतीस, पदर वाऱ्यावर, आणि तुझ्या तोंडावर ते पहिल्या चैत्रातलं हसू होतं. मला वाटलं, गाडी अशीच चालत राहावी, मुक्काम येऊच नये.

पण मुक्काम मलाच निवडायचा होता. गाडीवान हात करून वरच्या सुरूच्या झाडांकडे दाखवत होता. मला वाटलं, बिचारा सावलीचं सांगतो आहे. मी म्हटलं, सावली काय आपल्याकडे थोडी आहे, पाणी पाहायला आलो आहोत. खाली वाळू टणक होती, टाच रुतत नव्हती, म्हणजे माझ्या हिशेबाने जागा पक्की. बैलांनी पाण्याला तोंड लावलं नाही तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. गाडीवान बैल सोडून त्यांना पाणी पाजायला गावाकडे गेला. तू तीन दगड मांडून भात चढवलास. दिवस कलायला लागला तसं तू एकदा म्हणालीस, पाणी जवळ आलं. मग आणखी एकदा म्हणालीस. तिसऱ्यांदा तू मला हाताला धरून दाखवलंस. मी म्हटलं, उन्हाळ्याचं पाणी आहे, कुठे जातं. पुढच्या लाटेने चूल नेली, भाताच्या भांड्यासकट.

यापुढची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे, कारण ती मी पारावर बसून दहा वेळा सांगितली. दुलारी पाण्याजवळ गेली, लाटेत सापडली, माय वं माय वं करून रडत होती, मी उडी घातली आणि वेणीला धरून तिला ओढून काढली. लोक माना डोलवायचे. पठ्ठ्या, बोदलकसा एका दमात पोहून जाणारा माणूस, म्हणायचे. बाप्पा, मला ते गोड लागायचं. मग उदारामच्या मुलीच्या लग्नात पंगतीत मी ती पुन्हा सांगितली. तू वाढत होतीस, हे मला दिसलं होतं. बायका तोंडाला पदर लावून तुला हसल्या, दुर्गाप्रसादची बायकोसुद्धा. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पुढच्या पानावर वरण वाढलंस. रागावली असतीस, चारचौघांत मला खोटा पाडलं असतंस, तर बरं झालं असतं. तू मूग गिळून राहिलीस आणि दुसऱ्या दिवशी पेटी भरलीस.

खरं तुला ठाऊक आहे, रुक्माला ठाऊक आहे. लाट आली तेव्हा तू आणि रुक्मा अंथरूण घेऊन केव्हाच वर गेला होतात. मी गाडीचं चाक धरून उभा होतो. पायाखालची वाळू सरकायला लागली आणि माझं पोहणं कुठे गेलं कोण जाणे. तलावाचं पाणी माणसाला ओढत नाही गं. मी डोळे मिटून घेतले आणि माय वं माय वं ओरडत होतो तो मी. तू परत खाली आलीस, कमरेइतक्या पाण्यात, माझ्या मनगटाला पदराचा वेढा दिलास. मी चाक सोडेना, तेव्हा तू माझ्या हातावर फाडकन चापट मारलीस, पोराच्या हातातून कोयता सोडवावा तशी. मग ओढत वर नेलंस. गाडीवान आला, त्याची दोरखंडं, चटई वाहून गेलेली. तो माझ्यावर हात नाचवून भडकला, तेव्हा तू पुढे होऊन स्वतःच्या छातीवर बोट ठेवलंस, की मीच म्हटलं होतं पाण्याजवळ राहू. त्या परक्या माणसासमोर तू माझी लाज राखलीस. आणि मी तुझी आपल्याच गावात घालवली.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, असं माय मला म्हणायची. तीन आठवडे मी तुझी वाट पाहिली ती तूच नमतं घेशील म्हणून. घर खायला उठतं. रुक्मा वेळेवर जेवू घालते, पण बापाशी नजर मिळवत नाही. काल तलावावर बसलो होतो तेव्हा मला वाटलं, तुला आणायला येऊन काय उपयोग? तू ज्या गावात परत येशील त्या गावात तर ती वेणीची गोष्टच खरी आहे. म्हणून वरचं सगळं मी मध्यरात्रीनंतर बसून लिहून काढलं आणि आज सकाळी पारावर, माणसं गोळा झाल्यावर, ‘प्रिय’पासून मोठ्याने वाचून दाखवलं. पाणवठ्यावरून येणाऱ्या बायकाही थांबल्या होत्या. चापटीचं वाक्य मी गाळून पुढे जात होतो, पण रुक्मा मागे उभी होती, तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तेही वाचलं. म्हातारी सावित्रीबाई घागर खाली ठेवून म्हणाली, एवढं होतं तर बायको तिकडे काऊन ठेवली रे, जाऊन आण. तेव्हापासून शालीकराम मला पाहिलं की दिसेल त्या गाडीचं चाक कवटाळतो, डोळे मिटतो आणि माय वं करतो, आणि सगळा पार हसतो. हसू दे. बुधवारी सकाळी मी रेंगी घेऊन फुलचूरला येतो आहे. दारात गाडी सोडून बाहेरच बसून राहीन. तू आलीस तर जागा तू निवड. मी बैल हाकीन, आणि तू म्हणशील तितकं वर घेईन.

तुझाच,
पाण्यातून काढलेला
उदेलाल