न तपासलेली पिशवी

माय, तुझी दवाखान्याची फाइल सापडली. बापानं पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली जपून ठेवली होती. ती वाचल्यापासून इतका संताप झालाय की प्रयोगशाळेत लक्ष लागत नाही. म्हणून काम बाजूला ठेवून तुला लिहितेय.

त्या दुष्काळात शिरूरकडं टँकरशिवाय पाणी नव्हतं. ऊसतोडीहून आपण नुकतेच परतलो होतो. तुझ्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरून बसायचीस. मी नववीत. बीडच्या त्या खासगी दवाखान्यात डॉक्टर सोनोग्राफी करतो आणि मान वर न करता सांगतो, "गर्भाची पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल." तू मला विचारतेस, "कॅन्सर म्हंजी मानूस मरतंच का गं?" मी हो म्हणाले. कागदावर अंगठा कुठं लावायचा, तेही मीच दाखवलं. तेहतीस वर्षांची होतीस तू. ऑपरेशननंतर स्टीलच्या ट्रेमधली पिशवी बापाला दाखवत डॉक्टर म्हणाला, "बघा, वेळेवर काढली." बापानं त्याला हात जोडले.

पुढच्या हंगामाला तू पुन्हा सहकारी कारखान्याच्या फडात. भर थंडीत घाम फुटायचा, हाडं दुखायची. तरी बायकांना ऐटीत सांगायचीस, "माझा कॅन्सर व्हायच्या आदीच काढला. आता पोरगी त्याच्यावर औषध शोधनार हाय." चाळिशी उलटली आणि डोक्यावर मोळी असताना ट्रकच्या फळीवरून घसरलीस. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणातून उठलीच नाहीस, तिथंच गेलीस.

आता मी वैद्यकीय महाविद्यालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करते. फाइल पॅथॉलॉजीच्या मॅडमना दाखवली. त्यांनी पानं दोनदा उलटली. "अहवाल कुठंय? काढलेला अवयव तपासायला पाठवतातच." अहवाल नव्हताच. "साधा संसर्ग दिसतोय. गोळ्यांनी बरा झाला असता. आणि अंडाशयं कशाला काढली?" त्यानं हाडं ठिसूळ होतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तशीच बीडला गेले. डॉक्टर म्हातारा झालाय. फाइल समोर ठेवली, तर म्हणाला, "कॅन्सर आहे, असं मी कुठं म्हणालो? होईल म्हणालो. आणि तुमच्या बायकाच म्हणायच्या, काढून टाका." मी ओरडले, "भीती कुणी घातली?" त्यानं घंटी वाजवली. दुसरी बाई आत आली, हातात सोनोग्राफीचं पाकीट. मी तिचं मनगट धरून तिला बाहेर आणलं. "का वो, बाई?" ती घाबरली. म्हटलं, आधी आमच्याकडं तपासून घे. ती आली. गोळ्या चालू आहेत, पिशवी जागेवर आहे.

तुझं मनगट कुणी धरलं नाही. मी शेजारीच उभी होते. आणि माय, राग तुझ्यावरही आहे. पाळीत फडात उभं राहवत नाही, म्हणून तुलाही पिशवी नकोच होती ना? मग मला तसं का नाही सांगितलंस? मी आयुष्यभर त्या डॉक्टरच्या एका वाक्यामागं धावले.

हा कागद फाइलमध्येच ठेवतेय. काल नव्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कॅन्सरकडंच का वळलात?" सगळं ठाऊक असूनही तोंडातून नेहमीचंच निघालं, "माझ्या आईला कॅन्सर होता."