विमलाबाईंचा डावा हात

ठाणे, ४ जानेवारी १९५४
आले बाई एकदाची. डोंबिवलीची काकू म्हणाली होती, नर्सची नोकरी म्हणजे दुसऱ्याचं गू-मूत काढणं. म्हणू दे. खोलीला खिडकी आहे, आणि लक्ष्मी आयानं आल्याआल्या चहा दिला.

माझ्याकडे खडवलीच्या विमलाबाई. छातीतल्या गाठीवर क्ष-किरण दिले, गाठ गेली. पण कातडी जळून झालेली जखम तीन वर्षं भरत नाही. डॉक्टरांनी पोटाची कातडी वळकटीसारखी वळून आधी डाव्या मनगटावर रुजवली, आता तिचं दुसरं टोक जखमेत शिवलंय. रुजेपर्यंत हात छातीशी बांधलेला. वळकटी गुलाबी हवी. निळी पडली तर लगेच सांगायचं, एवढंच माझं काम.

१३ जानेवारी
उद्या संक्रांत. नवरा भेटायला येणार आणि डावा हात भुंडा, म्हणून विमलाबाई सकाळपासून रडताहेत. डॉक्टरांनी त्या हातात काही घालायचं नाही म्हणून बजावलंय. पण मला नाही बघवलं. तेलाच्या बोटांनी एकच हिरवी बांगडी चढवली नि पट्टीखाली सरकवली. एका बांगडीनं काय होतंय?

१६ जानेवारी
मनगट सुजलंय, बांगडी निघेना. फोडते म्हटलं तर विमलाबाईंनी माझा पदर धरला. नवरा जिवंत असताना बांगडी फोडायची नसते, म्हणाल्या. वळकटी निळसर दिसतेय. डॉक्टरांनी विचारलं, तर मीच सगळं ठीक आहे म्हणाले. माझी जीभ का नाही झडली?

१८ जानेवारी
काळी पडली. वास येतो. बांगडी दिसतच नाही, मांसानं गिळली. बोट फिरवलं की आत टणक लागते.
सांगितलं तर नोकरी जाईल.

१९ जानेवारी
वळकटी कापून टाकली. मनगटात हिरवी काच निघाली. कुणी घातली, डॉक्टरांनी विचारलं. विमलाबाई म्हणाल्या, लक्ष्मीनं. मला वाचवायला. लक्ष्मी माझ्याकडेच बघत होती. मी ट्रे धूत राहिले.
तिला दुपारीच काढलं.

२५ जानेवारी
जखम उघडी. आत काळीज हलताना दिसतं. आता एकदाच जमेल म्हणतात, उजव्या हातावर. नाही जमलं तर — सांगायला हवं. उद्या सांगते.

२ फेब्रुवारी
नाही सांगितलं.
उजवा हात पोटाशी शिवला. ही पोरगीच माझ्याजवळ ठेवा, विमलाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. ते गेल्यावर पट्टीबाहेरची बोटं हलवली, जवळ बोलावल्यासारखी. बांगडी घालणार नाही, मी म्हणाले. दोनदा म्हणाले. खरंच म्हणाले —
मग पट्टीखाली हे हिरवं — माझ्या बोटांना तेल — मी कधी —