पॉइंट टू टू

६ जानेवारी

पोचले एकदाची! मिसिसागाहून बसने चौदा तास, मग इथल्या गाईडच्या, ग्लेनच्या ट्रकमध्ये दोन, आणि शेवटचे चाळीस किलोमीटर त्याच्या स्नोमोबिलवर मागे पोत्यासारखी बसून. पापण्यांवर बर्फ जमला होता आणि मी एकटीच हसत होते. केबिन मात्र गोड आहे. एक खोली, लोखंडी शेगडी, झोपायला चार बंक, एक दार आणि दाराशेजारी एक मोठी खिडकी. समोर अंगण, पलीकडे लाकडांची शेड, आणि मग नजर जाईल तिथपर्यंत झाडीच झाडी. आईने दिलेला तीन लिटरचा कुकर धडपणे आला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी मी सुरुची. वरण-भातापलीकडे मला काही येत नाही. पहिली शिट्टी झाली तेव्हा ग्लेन खुर्चीतून उडालाच.

हा हंटिंग कॅम्प भाऊसाहेबांचा. ते मिसिसागात घरं विकतात आणि हा त्यांनी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलाय. स्वतः डासापलीकडे काही मारलेलं नाही. म्हणाले, बाळ, तू फक्त रूफवरचा स्नो शोव्हल कर, पाइप फ्रीझ होऊ देऊ नकोस, एप्रिलमध्ये तुझं एम्प्लॉयमेंट लेटर पक्कं. ग्वेल्फ विद्यापीठाचा डिप्लोमा झाल्यापासून मी अशाच एका लेटरसाठी वणवणतेय. जूनमध्ये वर्क परमिट संपतं. कायम राहायचा परवाना, पीआर, नाही मिळाला तर गाशा गुंडाळून अमरावती. त्यामुळे बर्फ काय, आणखी काही असतं तरी मी आले असते.

८ जानेवारी

ग्लेन आज गेला. सत्तरीचा माणूस, जन्म या जंगलात गाईड म्हणून गेला. जाताना दोन गोष्टी शिकवून गेला.

एक म्हणजे डबी. इथे फोन चालत नाही, म्हणून सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारी तळहाताएवढी डबी आहे. केबिनवर झाडं आहेत, तिला आभाळ लागतं, म्हणून ती शेडच्या खांबावर सोलर पॅनेलला जोडलेली असते. रोज संध्याकाळी पाचला जाऊन ‘ऑल ओके’चं बटण दाबायचं. निरोप आला नाही तर ग्लेन दुसऱ्या दिवशी हजर. उणे तीसमध्ये रोज कोण जाणार? मी लाडीगोडी लावली, आणि त्याने कुरकुरत ते ऑटो करून दिलं. आता पाच वाजले की डबी आपण होऊन हिरवी लुकलुकते. मी आत चहा पिते.

दुसरी गोष्ट कपाटातली पॉइंट टू टू रायफल. तुझ्याकडे लायसन्स नाही, हात लावायचा नाही, असं तो म्हणाला, आणि किल्ली माझ्यासमोर कणकेच्या डब्यामागे ठेवली. मला हसू आलं. एनसीसीत हीच रायफल आडवं पडून चालवली मी! पंचवीस मीटरवर माझ्या सगळ्या गोळ्यांचं ग्रुपिंग रुपयाच्या नाण्याएवढं, जिल्ह्यात पहिली. ग्लेन म्हणाला, ही सशांची बंदूक. एवढ्याशा गोळीने अजस्र मूस मारल्याच्या बढाया इथे पुष्कळ ऐकायला मिळतात, पण गोळी पोटात घेऊन जे निघून गेले त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठी गोळी आरपार जाते, म्हणून मागे काय आहे ते आधी बघायचं. छोटी आत राहते. आणि एखादं जखमी केलंच, तर त्याच्या मागे जायचं. संपवून यायचं. बर्फ असो, काळोख असो, तो नियम.

१४ जानेवारी

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

दुपारी दोनला अंगणात मूस आला. घोड्याहून उंच, लांब नाकाचं, सांबराच्या जातीचं जनावर. शिंगं गळलेली. शेडच्या भिंतीवर जनावरांसाठी टांगलेला मिठाचा खडा चाटत होता. शंतनूने, माझ्या भावाने, एनसीसीच्या वेळी चिडवलं होतं, तुझी बंदूक म्हणजे चिमण्यांची. तेच आठवलं. भूक नव्हती, भीती नव्हती, निव्वळ मिजास. किल्ली काढली, दार उघडलं, उंबऱ्यावर आडवी पडले. पुढच्या पायामागे, फुफ्फुसावर. गोळी बरोबर लागली हे मला माहीत आहे.

गोमाशी चावल्यासारखी त्याने कातडी थरथरवली. माझ्याकडे वळून पाहिलं. मग सावकाश झाडीत गेला. रक्ताचा एक थेंब नाही.

मागे जायचं होतं. बूट घालून दारात उभी राहिले आणि परत काढले. ग्लेनला कळवलं तर लायसन्स नाही, शिकारीचा सीझन नाही, म्हणजे केस, म्हणजे लेटर गेलं. पाच वाजता डबी लुकलुकली. ऑल ओके.

१७ जानेवारी

तो परत आलाय.

सकाळी कुकर लावला आणि शिट्टीच्या आधीची ती सुरसुर सुरू झाली. कुकर उतरवला, सुरसुर थांबेना. बाहेरून येत होती. अंगणात तो उभा होता, श्वास घेताना बरगडीतून तसा आवाज येत होता. मला रडू फुटलं. एवढं मोठं जनावर, आणि मी त्याला हे करून ठेवलं.

आता तरी संपवावं म्हणून खिडकीतून अकरा गोळ्या घातल्या. सगळ्या लागल्या. तो उभाच आहे.

१९ जानेवारी

रात्रभर बर्फ पडला. अंगण कोरं आहे. येण्याजाण्याचा एकही ठसा नाही, आणि तो आज दाराच्या जास्त जवळ आहे. काही खात नाही, बसत नाही. दार उघडलं की मान खाली घालून एक पाऊल पुढे येतो. मी बंद केलं की थांबतो.

घरातली लाकडं परवापर्यंत पुरतील. बाकीची शेडमध्ये. डबीही तिथेच. एसओएसचं बटण तिच्यावरच आहे. आता केस होऊ दे, लेटर जाऊ दे, अमरावतीला जाईन, पण मला इथून बाहेर काढा. आणि रोज पाच वाजता ती माझ्या वतीने सांगते, मी मजेत आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मीच करून घेतलं हे ऑटो.

२१ जानेवारी

त्याच्या उघड्या डोळ्यावर बर्फ बसलाय. वितळत नाही.

आणखी एक. एवढ्या थंडीत माझ्या तोंडातून वाफ येते. त्याच्या तोंडातून येत नाही. भोकांतून येते. बारीक बारीक दोऱ्या — मी पाडलेल्या प्रत्येक भोकातून.

सगळ्या गोळ्या घातल्या. बत्तीस. एक ठेवलीय. कशासाठी ते लिहीत नाही.

२३ जानेवारी

दोन बंक जाळले. खुर्च्याही. दार उघडून किंचाळले, तवा बडवला, कुकर फेकून मारला. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. आता खिडकीशी आलाय. काचेला नाक लागेल.

आई, मला घरी यायचंय.

२४ जानेवारी

सुचलं! डबी बंद पडली तर ‘ऑल ओके’ जाणार नाही. नाही गेला तर ग्लेन येईल. शेड पंचवीस मीटरवर. माझी रेंज.

तो डबीसमोरून हलण्याची वाट पाहिली. चार वाजता जरा सरकला. बोटं बधिर. श्वास अर्धा सोडला, ट्रिगर —

पाच वाजून गेले. लुकलुकली नाही. एवढंच काय ते या बंदुकीचं काम होतं.

२५ जानेवारी

लाकूड संपलं. शेगडी विझली. वही पोटाशी धरून बसलेय. सुरसुर. ग्लेन येईल. त्याच्याकडे मोठी बंदूक आहे. येईल —

दुपार

स्नोमोबिल! आला! झाडीतून ग्लेन आला. मी खिडकीत उभी राहून दोन्ही हात हलवले, ओरडले — मध्ये तो. भिंतीसारखा. ग्लेनकडे वळला, मान खाली — ग्लेनने बंदूक खांद्याला लावली. मी हात हलवतच होते —

केवढा आवाज.

मूस पडला नाही. चालत झाडीत गेला. ग्लेनने हाक मारली, सुरुची, यू ओके? मी सवयीने ओरडले — ऑल ओके!

ग्लेन त्याच्या मागे गेला. जखमी केलं तर मागे जायचं. नियम.

सुटले. सुटले मी. लिहून ठेवते —

काचेला भोक आहे. मुठीएवढं. वारा येतोय, पण थंडी नाही वाजत —

सुरसुर अजून येतेय. तो तर गेला. कुकर बाहेर पडलाय —

ग्लेन लांब गेला. हाक मारते, आवाज फुटत —

स्वेटर ओला —

श्वास सोडला की वाफ दिसते. तोंडापाशी नाही. खाली, इथे, वहीच्या —