डाव्या विंगेतली निरवानिरव

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी एका माणसाला त्याचा शब्द दिला नाही. मुख्यतः ते लिहून ठेवण्यासाठी हे मृत्युपत्र करत आहे. घराचे आणि पासबुकाचे तोंडी सांगूनही भागले असते.

मी, खाली सही करणार, वय एकोणपन्नास, धंदा नाटकात प्रॉम्प्टिंग, म्हणजे डाव्या विंगेत पुस्तक घेऊन बसणे आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच देणे. शिक्षण गावच्या शाळेत, सातवीपर्यंत. माझे डोके ठिकाणावर आहे, मला कसलेही व्यसन नाही आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. माझ्या घशाचे ऑपरेशन ठरले आहे. बोलण्याने झिजत नाही इतका घसा कुजबुजण्याने झिजतो, असे डॉक्टर म्हणतात, आणि मी तीस वर्षे कुजबुजलो. आवाज राहील का, हे ते सांगत नाहीत. माणूस राहील म्हणतात, पण म्हणताना ते फाइलकडे पाहत होते.

कलम एक. कपडेपटाच्या वरच्या दोन खोल्या पत्नीच्या नावे. पुढची खिडकी उचलून घेतल्याशिवाय लागत नाही, हे तिला ठाऊक आहे. जावई आला तर त्याला सांगावे.

कलम दोन. पासबुकात जे असेल ते पत्नी आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. त्यावरून भांडू नये. भांडण्याइतके नाही.

कलम तीन. माझे उंच स्टूल, काचेवर लाल कागद लावलेला टॉर्च आणि पेन्सिली थिएटरात नव्याने पुस्तक धरणाऱ्या बाईंना. त्यांना एक सांगणे: नटाला फक्त पहिला शब्द द्यावा. अख्खे वाक्य दिले तर त्याचा अपमान होतो, आणि तो ते विसरत नाही. वाक्ये विसरतो, अपमान विसरत नाही.

कलम चार. जुने हिशेब. जाहिरातीत माझे नाव कायम 'आणि इतर' मध्ये घालणाऱ्या व्यवस्थापकांना मी माफ केले आहे. कपाटाच्या दारावर पत्नीने चिकटवलेला राजाचा फोटो तिने खुशाल ठेवावा. माझा फोटो मात्र त्याच्या शेजारी लावू नये. माझ्या शोकसभेत राजाने बोलू नये. बोललाच तर कागद पाहून बोलावे, कारण त्या दिवशी मी विंगेत नसेन.

कलम पाच. राजा कोण, हे लिहिणे आले. सगळे त्याला राजेसाहेब म्हणतात. पंधरा वर्षे त्याने मुकुट घातलेल्या भूमिकाच केल्या. आम्ही एका बाकावरचे. कविता मला पाठ असायची आणि गुरुजी उभे त्याला करायचे, कारण तो उभा राहिला की वर्ग गप्प व्हायचा. मी मागून शब्द द्यायचो. तेव्हापासून पाठांतर माझे आणि टाळ्या त्याच्या. माणसाने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे, पण ओंजळीला तहान लागते हेही कधी विचारावे. मी रोज सकाळी देवापुढे बसतो, ओळखीच्या साऱ्यांसाठी मागतो. त्याचे नाव आले की माझी जीभ अडते. तिथे मला शब्द द्यायला कोणी नसते.

तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा पक्षाच्या मुलांनी त्याच्या कानात यंत्र घालून पाहिले. दोन वाक्यांत त्याने ते काढून ठेवले. "यातून माणूस बोलतोय असं वाटत नाही," म्हणाला, "पुस्तक्याला बोलवा." पुस्तक्या म्हणजे मी. मग सभेसभेला व्यासपीठामागच्या प्रचंड कापडावर त्याचा हसरा चेहरा, आणि त्या चेहऱ्याच्या कानाशी पाडलेल्या चिरेमागे स्टुलावर मी. हे गुपित होते. घरी सांगितले होते की कचेरीत कागद लावतो.

कलम सहा. माझी आई शाळेत झाडू मारायची. मी ज्या वर्गात पहिला यायचो तो वर्ग तिने झाडलेला असायचा, आणि माझ्या बाकाखाली ती जरा जास्त वेळ वाकून असायची. हे मी राजाला एकदा सांगितले होते. भाषणाच्या कागदात ते त्याची आई म्हणून आले. त्याची आई सावकाराची बायको. मी विचारले तेव्हा त्याने खांद्यावर हात टाकला. "तुझी आई ती माझीच की रे." पाच सभांत मी माझ्याच आईचे शब्द त्याला एकेक करून दिले. शेवटच्या दिवशी मैदान भरले होते. तो म्हणाला, "माझी आई," आणि अडला. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. मी मुद्दाम गप्प राहिलो. तो पडावा, सगळ्यांनी पाहावे, एवढेच मनात होते.

तो पाऊण मिनिट मान खाली घालून उभा राहिला. मैदानात बायका डोळे पुसू लागल्या. त्या पाऊण मिनिटावर तो निवडून आला. माझे शब्द त्याने नेलेच होते, माझे गप्प बसणेही नेले. आता तो प्रत्येक मुलाखतीत 'माझी आई' म्हणून थांबतो.

मुलगीही सभेला गेली होती. घरी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही असता ना तर रडला असता. काकांची आई कसली असेल हो!"

म्हणून, माझ्या आईची ती आठवण, तिच्यावरील माझ्या संपूर्ण हक्कासह, मी माझ्या मुलीच्या नावे करत आहे. ती तिची आजी आहे. तिच्यावर अन्य कोणाचाही हक्क, वहिवाट किंवा दावा नाही.

सह्यांपूर्वी जोडलेला मजकूर. दुसरा साक्षीदार म्हणून मी आज राजाला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, असे वकिलांनी सांगितले होते. हा कागद लिहून मी आठ दिवस उशीखाली ठेवला होता. नुसती सही घ्यावी आणि गप्प बसावे, असेही मनात येऊन गेले. तो आला, घरात चांगले कप निघाले, आणि मी कागद त्याच्या हातात दिला. म्हटले, मोठ्याने वाच.

त्याने वाचले. फोटोच्या कलमाला हसलाही. सहाव्या कलमात 'मी मुद्दाम' पर्यंत आला आणि अडला. शब्द समोर लिहिलेला होता. तरी सवयीने त्याने मान डावीकडे वळवली, मी बसलो होतो तिकडे.

मी शब्द दिला. "गप्प."

उरलेले त्याने शेवटपर्यंत वाचले. बराच वेळ कागदाची घडी घालत बसला.

"मला वाटलं, तुला भरून आलंय," तो म्हणाला. "आई तुझी होती ना. म्हणून थांबलो मी."

हे वाक्य त्याला कोणी दिले नव्हते. इतके चांगले वाक्य त्याला आपले आपण सुचावे, याचेही मला पोटात दुखले. मत्सर गेला असे मी लिहीत नाही. सहीच्या वर खोटे असू नये. पण ऐकवायचे होते ते ऐकवून झाले आहे. मुलगी किटली घेऊन दारात उभी होती. तिनेही सारे ऐकले आहे.

सही करण्यापूर्वी त्याने 'व्यवसाय' या शब्दावर बोट ठेवून विचारले, "इथे काय लिहू रे?"

मी सांगितले.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सकाळी अकरा

सही: मृत्युपत्र करणार (व्यवसाय: प्रॉम्प्टर)
साक्षीदार पहिला: सही (व्यवसाय: कपडेपटाचा शिंपी)
साक्षीदार दुसरा: सही (व्यवसाय: नट)